वायरलेस माउस सारखा डिस्कनेक्ट होतो? दिवाळीपासून वापरतेय, त्याचा सविस्तर अनुभव

दिवाळीत घेतलेला माउस, आता श्रावण लागला आणि रोज हातात आहे, त्यामुळे जे लिहितेय ते वापरूनच लिहितेय. माझं काम ड्राफ्टिंगचं, घरूनच, पुण्यात कर्वेनगरला. बिल्डिंगचे प्लॅन, सेक्शन, दिवसभर ऑटोकॅड उघडं असतं. मधलं चाक दाबून ड्रॉइंग सरकवताना माउस गेला की भिंतीची लाइन भलतीकडेच जाऊन टेकते आणि डोक्यातलं सगळं मोजमाप विस्कटतं, ज्यांचं असं काम आहे त्यांना कळेल मी काय म्हणतेय. कंपनीचं नाव देत नाही कारण हे सगळं २.४ गिगाहर्ट्झवर (वायफाय, ब्लूटूथ वापरतात त्याच रेडिओ पट्ट्यावर) चालणाऱ्या कुठल्याही माउसला लागू आहे. माझा दोन्हीवर चालतो, सोबतच्या छोट्या रिसीव्हरवर आणि ब्लूटूथवर.

सुरुवातीला एकदम मस्त होता. संक्रांतीच्या सुमारास कर्सर मधेच थांबायला लागला, गचके खायचा, कधी पूर्ण बंद आणि थोड्या वेळाने आपोआप चालू. कस्टमर केअरने सांगितलं सेल बदला, रिसीव्हर काढून परत लावा. बदलले, लावला, काही फरक नाही. घरी सगळे म्हणाले नवीन घेऊन टाक. पण हाच माउस नवऱ्याच्या लॅपटॉपवर तासन्तास नीट चालत होता, मग नवीन कशाला? माउस चांगला आहे, जोडणी तुटतेय. आणि ही जोडणी दोन ठिकाणी असते, माउस ते रिसीव्हर हवेतून, आणि रिसीव्हर ते लॅपटॉप पोर्टमधून.

कुठली तुटतेय हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे लॅपटॉपचा आवाज चालू ठेवा. माउस गेला त्याच क्षणी, पेनड्राइव्ह काढल्यावर विंडोजचा जो आवाज येतो तो आला, तर रिसीव्हरच लॅपटॉपपासून सुटतोय, म्हणजे पोर्ट सैल आहे किंवा वीज वाचवायचं सेटिंग त्याला झोपवतंय. आवाज न येता कर्सर नुसता अडखळला तर गडबड हवेतल्या सिग्नलची किंवा सेलची. माझ्याकडे दोन्ही प्रकार एकत्र चालू होते, म्हणून एक उपाय केला की थोडं सुधारायचं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

आवाज न येता अडखळायचा तो प्रकार बघताना एक गोष्ट दिसली. साइटचे फोटो आणि जुनी ड्रॉइंग मी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवते, ती रिसीव्हरच्या शेजारच्याच पोर्टला लावलेली असायची. मोठं फोल्डर कॉपी व्हायला लागलं की माउस अडकायचा, कॉपी संपली की सुरळीत. हार्ड डिस्क काढून बघितली, अडखळणं गेलं, परत लावून कॉपी सुरू केली, लगेच हजर. याचं कारण हार्ड डिस्कच्या यूएसबी ३.० जोडणीत आहे. त्यात डेटा ५ गिगाबिट प्रति सेकंद वेगाने जातो आणि त्या वेगामुळे पोर्ट, केबल आणि डिव्हाइस या सगळ्यांतून जो रेडिओ नॉइज बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय, वायरलेस माउसचा उल्लेख त्यात आहे. माउसचा सिग्नल आधीच कमी ताकदीचा, त्यात रिसीव्हर त्या गोंगाटाला चिकटून बसलेला, म्हणजे लग्नाच्या वरातीत बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं आहे, समोरचा कितीही नीट बोलला तरी आपल्याला ऐकू येत नाही.

उपाय अगदी स्वस्त आहे, यूएसबी एक्स्टेन्शन केबल. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेतली, दुकानदार काका म्हणाले ताई लांब कशाला घेताय, मीटरभर पुरे, आणि खरंच पुरते. रिसीव्हर आता माउस पॅडच्या बाजूला टेबलावर असतो, हार्ड डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला. त्या दिवसापासून कॉपी चालू असताना कर्सर एकदाही अडकलेला नाही. केबल घ्यायची नसेल तर निदान रिसीव्हर हार्ड डिस्कपासून लांबच्या पोर्टला लावा, बहुतेक ठिकाणी निळ्या रंगाचं पोर्ट ३.० चं आणि काळं २.० चं असतं (सगळ्या कंपन्या हा रंग पाळत नाहीत), काळं मिळालं तर बरं. डेस्कटॉपवाल्यांनी तर कॅबिनेटच्या मागे रिसीव्हर लावूच नये, मधे सगळा पत्रा येतो.

आता दुसरा प्रकार, आवाज येऊन सुटणारा. हा गुरुवारी जास्त व्हायचा! गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी बऱ्याचदा लाइट जाते आणि लॅपटॉप बॅटरीवर येतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड म्हणून सेटिंग आहे, वापरात नसलेल्या यूएसबी डिव्हाइसची वीज कमी करणारं, आणि ते बॅटरीसाठी वेगळं आणि चार्जरसाठी वेगळं असतं. दोन्ही डिसेबल करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन प्रत्येक यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब उघडा आणि कॉम्प्युटरने हे डिव्हाइस बंद केलं तरी चालेल अशा अर्थाची टिक काढून टाका. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पर्याय दिसतच नाहीत, तिथे दुसरं पोर्ट वापरून बघणं एवढंच हातात राहतं. बॅटरी किंचित लवकर उतरते, मला चालतं.

ब्लूटूथवर मी मीटिंगला बाहेर जाते तेव्हाच वापरते. त्याचं एवढंच सांगते की लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ साधारण एकाच कार्डवर असतात, त्यामुळे वायफाय २.४ वर असेल आणि मोठं डाउनलोड चालू असेल तर माउस अडखळू शकतो. राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल तर लॅपटॉप त्यावर टाका. आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटचा वायफाय दिसतो, वर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४५ च्या आसपासच चालतो, त्या पट्ट्यात गर्दी फार आहे.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर परत एकदा बंद पडायला लागला तेव्हा मात्र खरंच सेलचा प्रश्न होता. सेल कमी झालेला नव्हता, स्प्रिंगवर पांढरट थर आला होता. अल्कलाइन सेल गळला की असं होतं, तो पदार्थ हाताला लागू देऊ नका. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसलं, मग कोरड्या काडीने, पूर्ण वाळू दिलं आणि दुसरा पेन्सिल सेल टाकला. माउस बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ चे, त्यामुळे रिचार्जेबल टाकले की काही माउस बॅटरी कमी असल्याचं लवकर दाखवतात, त्याने घाबरू नका.

माउस म्हणून मी समाधानी आहे. पकड चांगली, चाक अजून घट्ट, क्लिक नीट. फक्त ब्लूटूथवर लॅपटॉप झोपेतून उठला की जोडायला दोन-तीन सेकंद घेतो, त्यावर मला काही सापडलेलं नाही. ज्यांना ड्रॉइंगचं काम करायचंय त्यांनी फक्त ब्लूटूथवाला घेऊ नये, रिसीव्हरवाला घ्यावा आणि त्याच वेळी ती केबलही घेऊन यावी.