मासेमारीची स्वस्तातली 6000 साइझची रील, आठ फुटी रॉड: आठ महिन्यांनंतर सगळा हिशोब ड्रॅगपाशी येतो

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर या जोडीला पाचपैकी चार गुण दिले असते. चौथ्या महिन्यात एकही दिला नसता. आता आठ महिने झालेत आणि मत तिसऱ्यांदा बदललंय, म्हणून हे सविस्तर.

वापर असा: धरणाच्या काठावरून कटला, रोहू, सायप्रिनस, कधीमधी शिवडा. पाच ते बारा किलोंचा मासा डोळ्यांसमोर ठेवून घेतलेली जोडी. रील 2,200 रुपयांची, रॉड 1,400 ची, दोन तुकड्यांची, पोकळ फायबर ग्लासची, 40 ते 80 ग्रॅम वजन फेकायची. स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या रिळावर, 0.40 मिमी तंगूस (नायलॉनची दोरी), सुमारे 210 मीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच बांधणीच्या रील वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात आणि दोष बांधणीचा आहे.

खोक्यावर ठळक अक्षरात बेअरिंगची संख्या असते, 12+1 वगैरे. मोठ्या माशासाठी तिचा उपयोग जवळजवळ शून्य. मासा धावताना बेअरिंग त्याला धरत नाहीत, ड्रॅग धरतो, म्हणजे स्पूलला घर्षणाने रोखत बेताने दोरी सोडणारी यंत्रणा. आणि ड्रॅगमधले वायसर, म्हणजे एकावर एक बसवलेल्या चकत्या, कशाचे आहेत हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं.

चौथ्या महिन्यात दोन मोठे कटले गेले. एकदा गळ ओठ फाडून सुटला, एकदा दोरी गाठीत तुटली. दुकानात गेल्यावर उत्तर मिळालं की वायसर ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. 2,200 रुपयांची रील चार महिन्यांत भंगारात टाकायची तयारी नव्हती, म्हणून आधी ड्रॅग मोजून पाहिला.

मोजायची पद्धत सोपी आहे. प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा घ्या. दोरी रॉडमध्ये न ओवता थेट रीलवरून काट्याला बांधा आणि सरळ मागे चालत जा. दोन आकडे बघायचे: स्पूल पहिल्यांदा हलतो त्या क्षणाचा, आणि फिरायला लागल्यावर टिकून राहतो तो. चांगल्या ड्रॅगमध्ये या दोन्हींत थोडाच फरक असतो. या रीलमध्ये फिरताना 3 किलो होते, पण स्पूल सुटायलाच साडेपाच किलो लागत होते.

आता हा फरक पाण्यात काय करतो ते बघा. 0.40 ची माझी दोरी पुडक्यावर 12 किलोची होती, गाठ मारल्यावर काट्यावर 9 किलोच्या आसपास तुटली. नायलॉन पाणी पितं, भिजल्यावर आणखी दहाएक टक्के कमी धरा, म्हणजे उरले आठ. भरलेल्या स्पूलचा व्यास 56 मिमी. माशाने 130 मीटर दोरी नेली की तो 44 वर येतो. ड्रॅग आवळायचा नट तोच, घर्षण तेच, पण व्यास कमी झाल्यामुळे ओढ सव्वापटीहून जास्त होते. तीनचे पावणेचार झाले तर काही बिघडत नाही. साडेपाचचे मात्र सात होतात. त्यात वाकलेल्या रॉडच्या रिंगांमधलं घर्षण मिळवा. मासा क्षणभर थांबून पुन्हा उसळला की त्या पहिल्या झटक्यालाच गाठ जाते. कटल्याचा ओठ मऊ असतो, तिथे तर गाठीपर्यंत वेळच येत नाही.

कारण फेल्टचे, म्हणजे नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाचे वायसर. कोरडे फेल्ट दाबून बसतात, भिजले की चिकटतात, वाळले की पुठ्ठ्यासारखे कडक होतात. नट घट्ट ठेवूनच रील पिशवीत टाकली असेल तर फेल्ट त्या दाबातच बसून जातं. घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करायचा, हे पहिल्या दिवसापासून पाळायला हवं.

बदलायला 350 रुपयांचे कार्बन वायसर पुरले. स्पूल काढा. ड्रॅगच्या खोलगट जागेत कडेला एक वाकवलेली तार बसवलेली असते, ती टोकदार वस्तूने उचला. ती उडते, म्हणून स्पूल पारदर्शक पिशवीत धरून हे काम करा, नाहीतर तार शोधण्यात संध्याकाळ जाईल. आत थर असे निघाले, खालून वर: फेल्ट, D आकाराच्या भोकाचा लोखंडी वायसर, फेल्ट, दोन कानांचा वायसर, फेल्ट, पुन्हा D भोकाचा. D भोकाचे दांड्याला धरून राहतात, कानांचा स्पूलच्या खाचांत बसून स्पूलबरोबर फिरतो. हा क्रम चुकला तर ड्रॅग एकतर धरतच नाही किंवा सुटतच नाही. काढतानाच फोटो घ्या. लोखंडी वायसर काचेवर ठेवून हलवून बघा. डुगडुगला तर वाकलेला आहे, आणि नवा कार्बन घालूनही ड्रॅग धक्के देत राहील.

आणि इथे बहुतेक जण फसतात. फेल्ट दीड मिमी जाड होतं, कार्बन एक मिमीचा. तीन चकत्यांत मिळून दीड मिमी उंची कमी होते, आणि नट शेवटपर्यंत पिळला तरी दाब येत नाही. मग कार्बन खराब आहे म्हणून लोक ते फेकून देतात. तेवढ्या जाडीचा D भोकाचा एक जादा लोखंडी वायसर सगळ्यात वर टाकला की काम झालं. ड्रॅगसाठीच मिळणारं टेफ्लॉनचं ग्रीस बोटाने पुसल्याइतकंच लावा. गाडीचं ग्रीस नको, ते ऊन लागलं की पातळ होतं आणि पुढे चिकट बसतं. बदलल्यानंतरचे आकडे: सुटताना 3.2, फिरताना 3. त्यानंतरच्या चार महिन्यांत ड्रॅगमुळे एकही मासा गेलेला नाही.

ड्रॅग किती ठेवायचा? गाठीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका, काट्यावर मोजून. बोटाचा अंदाज दर वेळी वेगळा येतो. मासा दोरी नेत असताना हँडल मात्र अजिबात फिरवू नका. या रीलचं गिअरचं प्रमाण 5.2 ला 1 आहे, म्हणजे हँडलच्या एका फेरीत दोरी स्पूलभोवती 5.2 वेळा फिरते. ड्रॅग सुटत असताना हँडलच्या प्रत्येक फेरीला दोरीत पाच पीळ पडतात, आणि पुढच्या फेकीला स्पूलवरून गुंताच सुटतो. रॉड उचलायची, आणि खाली आणताना दोरी गोळा करायची.

रॉडबद्दलचं मतही बदललं. सुरुवातीला ती जड आणि मवाळ वाटली. याच किमतीतल्या कार्बन म्हणून विकल्या जाणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या घडीच्या रॉडशी तुलना केली तर हातात तरी ती कमीच वाटते. पण कटल्यासाठी हा मवाळपणाच कामाचा आहे, मासा काठाशी येऊन डोकं झटकतो तो झटका रॉड गिळते. घडीच्या रॉडच्या नळ्यांत गाळ शिरतो, तुकडे अडकतात, आणि मोडते ती सांध्यातच. मासा जाळीत घेताना कुठलीही रॉड उभी सरळ करू नका. सगळा भार शेंड्यावर येतो आणि शेंडा जातो.

एक तक्रार कायम आहे: रिंगा. सहाव्या महिन्यात शेंड्याकडून दुसऱ्या रिंगेतल्या चिनी मातीच्या कड्याला तडा गेला. डोळ्यांना दिसत नाही. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक रिंगेतून फिरवा, जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे तडा आहे. त्याच जागी दोरीही सोलली जाते. विकत घेतानाच हे दुकानात करून बघा.

फेकीचं वजन लावताना स्प्रिंग, शिसं आणि त्यावर दाबलेला पेंडीचा गोळा हे सगळं मिळून मोजा. ओला गोळा एकटाच 50 ग्रॅम होतो. 80 च्या रॉडवर 120 ग्रॅम लावून पूर्ण ताकदीने फेकलं तर रॉड आज ना उद्या मोडणारच.

तंगूस सोडून ब्रेडवर, म्हणजे विणलेल्या दोरीवर, जायचा मोह झाला होता. या रीलवर तरी नको. दोरीखालचा रोलर लवकर खाच धरतो, ब्रेड ताणत नाही म्हणून ड्रॅगचा प्रत्येक धक्का थेट ओठावर जातो, आणि बुडीत क्षेत्रातल्या जुन्या बांधांच्या दगडांवर, बाभळीच्या खोडांवर ती तंगूसपेक्षा लवकर कापली जाते.

थंडीच्या सकाळी हँडल उलटं फिरायला लागलं तर रील बिघडली असं समजू नका. आतल्या एकदिशा बेअरिंगमध्ये कारखान्यातलं ग्रीस शिरून घट्ट झालेलं असतं. पेट्रोलने धुऊन, पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब.

धरणात बसण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा, मासेमारीचा ठेका बहुधा त्यांच्याकडे असतो. आणि नदीत याच जोडीला खडस लागला तर तो सोडूनच द्या. दख्खनच्या या महाशीरचं वर्णन ब्रिटिश निसर्ग अभ्यासक साइक्सने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं होतं, आणि आज त्याची पिल्लं लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात वाढवून पाण्यात सोडावी लागतात. त्याच्यासाठी पातळ तारेचे गळ चालत नाहीत, जबड्यात चेपून सरळ करतो. घडीव गळ, टोकाचा उलटा काटा चेपलेला, म्हणजे सोडताना जखम कमी.

आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर रॉड हीच घेईन. रील घेताना दुकानातच ड्रॅग तीन चतुर्थांश आवळून स्पूल हाताने अगदी सावकाश फिरवेन. थांबत थांबत फिरला तर आत बहुधा फेल्ट आहे, किंमत ठरवताना त्यात कार्बनचे 350 धरायचे. सध्या हँडलच्या बुडाशी दोनेक मिमी खेळ आलाय, षटकोनी दांडा झिजतोय. त्यावर तांब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी गुंडाळून चालवतोय, ती किती महिने टिकते ते कळलं की इथेच भर घालेन.