दत्तजयंतीच्या रात्री उल्कावर्षाव

जुन्नर तालुक्यात आमचं छोटंसं कृषी पर्यटन केंद्र आहे. चार खोल्या, मोठं खळं, मागे द्राक्षाची बाग आणि बागेपलीकडे शेजाऱ्यांचा ऊस. हिवाळ्यात आम्ही आकाशदर्शनाच्या एक-दोन रात्री ठेवतो. पुण्याहून एक सर येतात, बँकेतली नोकरी सांभाळून आकाश बघणारे. आठ इंची दुर्बीण चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घालतात आणि तिला पट्टा लावतात. आल्याआल्या आमच्या सगळ्या दिव्यांना लाल जिलेटिन कागद बांधायला लावतात, शेकोटी पेटवू देत नाहीत. माणसांना खळ्यातच, तारेच्या कुंपणाच्या आत बसवतात. जुन्नरच्या उसात बिबट्या असतो, हे इथल्या पोरांनाही सांगावं लागत नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर सरांना फोन केला, डिसेंबरात कधी येताय म्हणून. रेंज धड नव्हती. "चौदाला नको, अठ्ठावीसला ठेवू," एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, चौदाला त्यांच्याकडे काही कार्यक्रम असेल. का नको, हे मी विचारलंच नाही, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आठवडाभरात दुसऱ्याच एका गृहस्थाचा फोन आला. स्वतःला खगोल अभ्यासक म्हणवत होता. बोलणं एकदम गोड, दर वाक्याला ताई. म्हणाला, शनिवारी १४ डिसेंबरला वर्षातला सगळ्यात मोठा उल्कावर्षाव आहे, मिथुन राशीतला, तासाला दीडशे उल्का. माणसं मी आणतो, तुम्ही फक्त जागा आणि जेवण बघा. माणशी साडेसातशे तुमचे. आणि त्याच संध्याकाळी पाच हजार ॲडव्हान्स आमच्या खात्यावर आलाही. न मागता! यजमानाला फसवायचं तर आधी त्याच्याच हातावर पैसे ठेवायचे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ओळख म्हणून त्याने एक फोटो पाठवला. खोडदच्या दुर्बिणीच्या तबकडीसमोर हाताची घडी घालून उभा. खाली लिहिलं होतं, 'जीएमआरटीच्या महादुर्बिणीतून ग्रह पाहण्याचा अनुभव'. आता खोडद आमच्यापासून काही लांब नाही. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत तिथे, पण त्या रेडिओ लहरी पकडतात. डोळा लावून बघायला त्यांना भिंगच नसतं. आणि विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथे सगळ्यांना सोडतात. तसा फोटो आमच्या फ्रिजवरही चिकटवलाय, आमच्या मुलाचा, तो चौथीत असतानाचा. रोज फ्रिज उघडताना बघते तो. तरी माझी ट्यूब पेटली नाही.

मग पोस्टर आलं. माणशी १,९९९ रुपये. डोंगरावर उभी लखलखती आकाशगंगा आणि कोपऱ्यात ताटाएवढ्या कड्यांचा शनी. पोस्टरवर क्यूआर होता, पैसे थेट त्याच्याकडे. मी सहज स्कॅन करून पाहिलं तर नाव एका कपड्याच्या दुकानाचं आलं. विचारलं, तर "मिसेसचं दुकान आहे ताई." झालं, माझं समाधान झालं.

शेवटच्या आठवड्यात त्याने गळ टाकला. दहा इंची दुर्बीण भाड्याने आणायची, तिचं डिपॉझिट तीस हजार, निम्मे मी भरतो, निम्मे तुम्ही भरा, रविवारी परत मिळतील. मिस्टर नको म्हणत होते. मीच म्हटलं, पाच हजार आधीच देणारा माणूस पंधरा कशाला बुडवेल? पंधरा हजार पाठवले. पावती मागितली, तर अंगठा आला.

या सगळ्यात शहाणपणाचं एकच वाक्य बोलल्या त्या सासूबाई. मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा आवरून त्या कालनिर्णय बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, शनिवारी दत्तजयंती. पुनवेला चांदण्या बघायला येतात होय माणसं?"

"दुर्बिणीतून दिसतात हो आई," मी म्हटलं.

शनिवारी दिवस मावळायच्या आतच चंद्र डोंगरावर आला. एवढा की खळ्यात माणसांच्या सावल्या पडल्या. आम्हाला पंचवीस माणसं सांगितली होती, गाड्यांतून उतरली सेहेचाळीस. पिठलं-भाकरी तिसांच्या हिशेबाने केलेली. जावेला आणि शेजारच्या काकूंना हाक मारून पुन्हा भाकऱ्या थापायला बसवलं, तंबू नारायणगावहून जादा मागवले. हा साहेब साडेसातला उगवला. हातात पुठ्ठ्याचा खोका, त्यावर रंगीत शनी आणि '६७५ पट' असं छापलेलं. आत साठ मिलिमीटरची, खेळण्यापेक्षा जरा बरी दुर्बीण. तिच्या तिकाटण्याचा एक पाय घसरत होता, त्याखाली त्याने आमच्याच अंगणातली कौलाची खापरी लावली.

लोक रांगेत उभे राहिले. मीही डोळा लावला. चंद्र दिसला, पांढराफटक, कडेने थरथरणारा. एक लहान मुलगी म्हणाली, "आई, हा तर वरती असाच दिसतोय." हिरव्या लेझरने त्याने चंद्राशेजारचा गुरू दाखवला, रोहिणी दाखवली, मग त्याची गोष्ट संपली. उल्का कधी, विचारलं की म्हणायचा, मध्यरात्रीनंतर. पोटं भरेपर्यंत कोणी फार बोललं नाही. साडेनऊला म्हणाला, मोठ्या दुर्बिणीचा टेम्पो चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय, हायवेपर्यंत जाऊन घेऊन येतो.

दहा वाजता फोन लागत होता, उचलत नव्हता. अकराला बंद.

पुढचे तीन तास मला नीट सांगता येणार नाहीत. माणसं चिडली, आणि चिडणारच. त्यांच्या लेखी यजमान मी होते, पोस्टरवर नाव आमच्या केंद्राचं होतं. एक काका मुलांसमोर नको ते बोलले. काही जण दुर्बिणीचा नाद सोडून उसाच्या बाजूला अंधार शोधायला निघाले, त्यांना मिस्टरांनी काठी घेऊन मागे फिरवलं. सकाळी पोह्यांना कोणी हात लावला नाही. आकाशदर्शनाला आलेल्या त्या सेहेचाळीस माणसांनी आम्हाला गुगलवर दिला तो एकेकच तारा.

सरांना फोन केला तेव्हा मी रडत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग एकेक उकलून सांगितलं. दीडशेचा आकडा काळ्याकुट्ट आकाशाचा, त्यातही उल्कांचं उगमस्थान डोक्यावर असतानाचा. पौर्णिमेला चार-दोन ठळक दिसल्या तरी नशीब. शिवाय हा वर्षाव ऐन भरात होता शनिवारी पहाटे, म्हणजे शुक्रवारची रात्र जागायला हवी होती. शनिवार निवडला तो फक्त सुट्टीसाठी. पोस्टरवरचा आकाशगंगेचा जाड पट्टा धनू-वृश्चिकेकडचा. डिसेंबरात सूर्यच त्या अंगाला असतो, धनुर्मास उगाच म्हणत नाहीत. तो भाग रात्री दिसायचा कुठून? शनीची कडी त्या हिवाळ्यात जवळजवळ कडेवरून, रेघेसारखी दिसत होती. आणि साठ मिलिमीटरच्या भिंगाला फार तर एकशेवीस पट झेपतं, पुढचं सगळं खोक्यावरच्या शाईचं.

म्हणजे पोस्टरवरच त्याची चोरी उघडी पडलेली होती. पंचांग उघडलं असतं तरी पुरे होतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४ पासूनची संस्था आहे, तिथल्या एखाद्या जाणत्याला विचारता आलं असतं. तेवढंही मी केलं नाही. शिवाय हा माणूस आदल्या कुठल्याही रात्री जागा बघायला आला नव्हता. कुठल्या बाजूला गावाचे दिवे, ऊस कुठवर, काही विचारलं नाही. सर पहिल्यांदा आले तेव्हा दोन रात्री नुसते खळ्यात उभे राहून गेले होते. हौशी माणूस आधी अंधाराची चौकशी करतो. याने पहिल्या फोनपासून फक्त माणसं किती मावतील ते विचारलं.

सोमवारी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग पोलिस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, फसवणुकीचं कलम चारशेवीसचं आता ३१८ झालंय, बाकी काही बदललेलं नाही. कपड्याचं दुकान कुठे निघालंच नाही. खातं तिसऱ्याच कुणाचं, पैसे त्याच रात्री काढलेले. आमचे पंधरा हजार, तंबू आणि जेवण धरून बत्तीस हजारांच्या वर गेले. ॲडव्हान्सचे पाच वजा करा.

अठ्ठावीसला सर आले. त्या रात्रीच्या पाहुण्यांपैकी ज्यांचे नंबर होते त्यांना फुकट बोलावलं, अकरा जण आले. ती लहान मुलगीही आली होती. मृगातला तेजोमेघ बघून ती दुर्बिणीपासून हलेना, मागचे लोक कुरकुरायला लागले.

बाकीच्या पस्तिसांचे नंबर माझ्याकडे नाहीत, बुकिंग सगळं त्याच्याकडे होतं. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि त्याच्याशी झालेलं चॅट पुसू नका. तक्रारीला जोडायला ते हवं आहे. आतापर्यंत सात जणांचं आलंय.