अकरावीच्या मानसशास्त्राचं गाईड आणि आमचा बोका

लेकीनं अकरावीला मानसशास्त्र घेतलंय. आमच्या घरात हा विषय कुणीच शिकलेलं नाही, म्हणून जुलैत दापोलीला बाजाराला गेले तेव्हा हे गाईड आणलं. किंमत २२० रुपये, दुकानदारानं २० सोडले आणि वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून दिलं. बाहेर पाऊस धो धो ओतत होता, त्यामुळे वीस रुपयांपेक्षा कव्हरचेच उपकार जास्त.

आमचं मुरुडला घरगुती राहणं-जेवण आहे. पावसाळ्यात पाहुणे कमी, त्यामुळे लेकीपेक्षा मीच जास्त वाचलं.

'अध्ययन' या प्रकरणात रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हचा कुत्रा (खाण्याआधी रोज घंटा ऐकून नुसत्या घंटेलाही लाळ गाळायला लागलेला) दोन पानांत उरकलाय. सामान्यीकरण, विलोपन, विभेदन अशा नुसत्या व्याख्या, उदाहरण एक नाही. मला त्या कळल्या त्या बोक्यामुळे. हर्णैहून मासेवाला स्कूटरवरून येतो आणि गेटाशी रबरी भोंगा दाबतो. पोंऽ झालं की बोका असेल तिथून धावत येतो, जिभल्या चाटत. बांगड्याचं डोकं त्याचं ठरलेलं. मासळीची ओढ जन्माची, भोंगा मागाहून चिकटलेला. जूनमध्ये मासेमारी बंद झाली आणि नेमका त्याच सुमारास पाववाल्यानं सायकलची घंटी काढून भोंगा लावला. बोका त्यालाही धावला, हे सामान्यीकरण. पिशवीतून रोज पावच निघतोय म्हटल्यावर आठ-दहा दिवसांत नुसता कान हलवून पायरीवर पडून राहायला लागला, हे विलोपन. मी लेकीला म्हटलं, "विसरला नाहीये गो तो, बघ तू." मासळी परत सुरू झाली तेव्हा एका डोक्यात गडी पूर्वपदावर. आता तर आधी स्कूटरचा आवाज ऐकतो, मगच उठतो. पाववाल्याकडे ढुंकून बघत नाही. हे झालं विभेदन. एवढं गाईडवाल्यांना चार ओळींत लिहिता आलं असतं.

नुसतं त्रोटक असतं तरी चाललं असतं, पण चुका आहेत. 'ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा' असं चक्क चौकटीत छापलंय. शिक्षेनं वागणं कमी होतं. प्रबलन धन असो की ऋण, त्यानं वागणं वाढतंच. ऋण म्हणजे नकोशी गोष्ट दूर होते, एवढंच. मी मासे साफ करायला बसले की बोका ओट्याखाली केकाटतो. डोकं टाकलं की गप्प. मला बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी मी आणखी लवकर टाकते. म्हणजे बोक्याला खाऊ मिळाला म्हणून त्याचं केकाटणं वाढलं, ते धन प्रबलन. माझी कटकट मिटली म्हणून माझं टाकणं वाढलं, ते ऋण. यात शिक्षा कुणाला झाली? लेकीनं कॉलेजात विचारलं, तर मॅडमनी ती चौकट पेन्सिलीनं खोडून दिली.

दुसरी चूक नोबेलची. पावलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या कामाबद्दल. गाईडात 'कुत्रा व घंटा प्रयोगाबद्दल' लिहिलंय.

स्मृतीचं प्रकरण मात्र छान जमलंय. एबिंगहाउसनं निरर्थक अक्षरजुळण्या स्वतःच पाठ करून १८८५ मध्ये निष्कर्ष छापले: आधी भराभर विसरतो, मग विसरण्याचा वेग मंदावतो. आलेखही स्वच्छ आहे. एका वेळी साधारण किती गोष्टी लक्षात धरता येतात, त्याचा मिलरचा १९५६ चा 'सात, अधिक-उणे दोन' हा आकडा वाचून मी गणपतीत आलेल्या नऊ जणांची ऑर्डर न लिहिता घेऊन पाहिली. थाळ्या गटागटानं लक्षात राहिल्या, चार सुरमई, तीन बांगडा, दोन शाकाहारी. कुणाला सोलकढी नको होती ते मात्र पार विसरले.

सुरुवातीचा इतिहास, वुंटची १८७९ ची लाइपझिगमधली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा वगैरे, परीक्षेपुरता ठीक. रिकाम्या जागा, जोड्या लावा भरपूर आहेत, लेकीला त्यांचा उपयोग होतोय. बांधणी रद्दी. स्मृतीचं प्रकरणच सुटून हातात आलं, ते दाभणानं शिवून घेतलंय.

दहापैकी पाच. पुढच्या वर्षी बारावीचं घेताना दुकानातच प्रबलनाचं पान उघडून बघणार, मग पैसे काढणार.