मिग-२९ ची तीन रूपं: जुना, यूपीजी आणि नौदलाचा के

संध्याकाळी रनिंग झालं की गावातली पोरं आमच्या वावराच्या धुऱ्यावर दम खात बसतात. अग्निवीर वायूची तयारी चालू आहे. परवा पुतण्यानं मोबाइल पुढे केला, "मोठेबाबा, मिग-२९ चे एवढे मॉडेल हायेत, मंग सगळ्यात भारी कोणतं?" स्क्रीनवर या लढाऊ विमानाचा तक्ता होता. रडार, क्षेपणास्त्रं, वेग, सगळं ओळीनं मांडलेलं. मी वायुदलात १९९६ ते २०१६ एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. त्यातली बरीच वर्षं याच विमानाच्या पोटाखाली वाकून गेली. फिटरच्या लेखी भारी विमान तेच, जे सकाळी उडायला तयार असतं. त्या मापानं तिन्हीबद्दल लिहितो: जुना, त्याचंच सुधारलेलं रूप यूपीजी, आणि नौदलाचा के.

जुना मिग-२९ आपल्याकडे १९८७ साली आला. सोव्हिएत संघाबाहेर हे विमान घेणारे आपणच पहिले. वायुदलानं त्याला 'बाज' नाव दिलं आणि पहिल्या दोन स्क्वाड्रन पुण्याला लोहगावात उभ्या राहिल्या. १९९९ च्या कारगिल युद्धात मिराज विमानं बॉम्ब टाकायला निघाली की त्यांच्या राखणीला हेच वर असायचं. पायलटनं हेल्मेटमधून मान वळवून बघायचं आणि आर-७३ क्षेपणास्त्रानं तिकडे लक्ष्य पकडायचं, ही सोय त्या काळात फार मोठी होती.

पण माझा जीव जडला तो त्याच्या झडपांवर. इंजिन सुरू झालं की पंखाखालची हवा ओढणारी मोठी तोंडं झडपांनी बंद होतात आणि पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला फटी उघडतात. जमिनीवर असताना इंजिन वरून श्वास घेतं. धावपट्टीवर वेग आला की खालची तोंडं उघडतात, वरच्या फटी मिटतात. सुपारीएवढा खडा आत गेला तरी कॉम्प्रेसरच्या पात्यांचा चुराडा होतो, म्हणून ही व्यवस्था. खडबडीत धावपट्टीवरूनही विमान उडालं पाहिजे, हा विचार पहिल्या आराखड्यातच होता. तरीही रोज सकाळी आम्ही एका रांगेत, मान खाली घालून, विमानं उभी राहतात ते सगळं टारमॅक वेचायचो. खळ्यावर तुरीतले खडे वेचणाऱ्या माझ्या मायची तेव्हा रोज आठवण यायची.

या विमानाची खोड एकच, पण मोठी: पल्ला कमी. ताकद भरपूर, टाकी लहान. इंजिनाचा काळा धूरही लांबून दिसायचा, आणि लढाऊ विमानाला ते परवडत नाही. सुट्या भागांचं दुखणं वेगळंच. एकदा एका हायड्रॉलिक पंपासाठी आमचं विमान दीड महिना हँगरमध्ये उभं होतं. पुरवठादार दर आठवड्याला पुढची तारीख द्यायचा. शेवटी दुसऱ्या विमानाचा पंप काढून याला बसवला, तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. एक उभं करायला दुसरं आडवं केलं होतं.

जुन्या विमानांना सुधारून यूपीजी करायचा करार मार्च २००८ चा, पहिलं उड्डाण फेब्रुवारी २०११ मध्ये रशियात. पहिली सहा विमानं तिकडेच सुधारली, बाकीची नाशिकजवळ ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत. आमच्या तळावर पहिलं यूपीजी आलं तेव्हा नजर आधी पाठीवर गेली. कॉकपिटच्या मागे आर्वीकडच्या गवळाऊ बैलासारखं वशिंड! त्यात वाढीव इंधन. शिवाय कॉकपिटच्या डाव्या बाजूला हवेत इंधन घ्यायची नळी. जी खोड आम्ही इतकी वर्षं बोलून दाखवत होतो, तिच्यावरच हात घातलेला. झुक-एमई रडार, आर-७७ क्षेपणास्त्र, जमिनीवर अचूक मारा करायची सोय, घड्याळांच्या जागी पडदे, हे सगळं त्या तक्त्यात आहेच. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की २५ वर्षांचं ठरलेलं आयुष्य ४० वर्षांपर्यंत गेलं आणि आरडी-३३ इंजिनाची सीरिज ३ कोरापूटला एचएएल या सरकारी विमान कंपनीत बनू लागली. मार्च २०२४ मध्येही संरक्षण मंत्रालयानं याच इंजिनांसाठी ५,२४९ कोटींचा करार केला. इंजिन देशात बनतं म्हणजे फिटरची अर्धी काळजी मिटली. सांगाडा ओळखीचा, पॅनेलच्या जागा ओळखीच्या, त्यामुळे हात पहिल्या दिवसापासून बसला. नवीन होती ती वायरिंग, आणि तिनं सुरुवातीला आमचा घाम काढला.

२०२० मध्ये लडाखात तणाव वाढला तेव्हा मी घरी होतो, पऱ्हाटीला डवरणी चालली होती. टीव्हीवर लेहच्या आकाशात मिग-२९ दिसलं आणि मी हातातला चहा तसाच ठेवून उठलो.

नौदलाचा के विमानवाहू जहाजावरून उडणारा. दिसायला यांचा भाऊ, आतून बराच वेगळा. पंख मोठे आणि दुमडणारे, शेपटाखाली उतरताना डेकवरचा दोर पकडणारा हुक, चाकांचे पाय भक्कम. पंखाखाली शस्त्रं लावायला सहाच्या जागी आठ जागा. नियंत्रण फ्लाय-बाय-वायर, म्हणजे पायलटचा हुकूम संगणकातून तारेनं जातो. आरडी-३३एमके इंजिन ९,००० किलो जोर देतं, जुनं ८,३०० चं, आणि धूरही नाही. एका आसनाच्या के चं छतही दोन आसनांच्या विमानाइतकंच लांब आहे, मागच्या जागी इंधनाची टाकी बसवली आहे. माझ्या लाडक्या वरच्या फटी मात्र गेल्या. तोंडाला जाळी लावली आणि फटींच्या जागी इंधन भरलं. जहाजाच्या डेकवर ते योग्यच आहे.

कागदावर के तिघांत सरस. पण २०१६ च्या कॅग अहवालात त्याची उपलब्धता १५.९३ ते ३७.६३ टक्के नोंदली आहे आणि ६५ पैकी ४० इंजिनं आराखड्यातल्या दोषांमुळे काढावी लागल्याचंही आहे. ते वाचताना मला तिथल्या ग्राउंड क्रूचे चेहरे दिसले. दहातली तीन विमानं उडणं म्हणजे काय, हे तेच जाणोत.

म्हणून पुतण्याला सांगितलं, माझा कौल यूपीजीला. तो म्हणाला, "पण के मंदी तर फ्लाय-बाय-वायर हाये." मी म्हटलं, खरं आहे, ते यूपीजीला मिळालं असतं तर मलाही आनंद झाला असता. मग त्यानं मोबाइल खिशात टाकला अन् विचारलं, "ते झडपा उघडाले किती वेळ लागते?" मी तुराटी उचलली आणि धुऱ्याच्या मातीत इंजिनाचं तोंड काढायला घेतलं.