438 आणि रिपोर्टवरची लाल खूण

गावाचं नाव लिहीत नाही, यवतमाळ जिल्हा एवढं पुरे. मला एचआयव्ही आहे. 2015 पासून जिल्ह्याच्या सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, माझ्या गोळ्या सुरू आहेत. तिथल्या समुपदेशनाच्या खोलीबद्दल आज लिहिते.

सोयाबीनच्या सवंगणीत यंदा फार थकवा यायला लागला. दोन तास वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी. जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तालुक्यातल्या एका खाजगी लॅबमध्ये स्वतःच सीडी4 करून घेतलं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींची मोजणी. रिपोर्ट आला 438. शेजारी लाल अक्षरात ‘एल’, म्हणजे कमी, आणि पुढे छापलेलं : 500 ते 1500. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “बाई, इम्युनिटी घसरली तुमची,” आणि शक्तीच्या पावडरचा डबा पुढे केला. 1,450 रुपये. मी घेतला. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, पोरगा दहावीत आहे, त्याचाच विचार.

तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं केंद्रावर गेले. समुपदेशक मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि माझी उपचाराची वही उघडली. सीडी4 च्या प्रत्येक जुन्या नोंदीखाली पट्टी धरून मलाच वाचायला लावलं : 196, 341, 420, 451. मग म्हणाल्या, “ताई, आता सांगा, तुमचं घसरलं कुठं?”

पाचशेचा तो आकडा आपल्या लोकांचं रक्त मोजून बसवलेला नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. भारतातल्या निरोगी माणसांचं मोजलं तेव्हा सरासरी पाश्चात्य लोकांपेक्षा कमी निघाली. धडधाकट, एचआयव्ही नसलेल्या काहींचं तर पाचशेच्या खालीही असतं. इथिओपियातही तसंच दिसलंय. बायकांचं पुरुषांपेक्षा थोडं जास्त असतं, लहान लेकरांचं तर खूपच जास्त, आणि एकाच माणसाचं सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं. साध्या तापानंही खाली येतं. लॅबच्या कागदावर मात्र सगळ्यांना एकच रेघ.

पण “आपल्याकडे कमीच असतं” म्हणून सोडून द्यायचं नाही, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. 200 च्या खाली गेलं तर धोका आहे, मग माणूस कुठलाही असो. आणि गोळ्या लागू पडतात की नाही ते व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्यावरून कळतं. माझा विषाणू तपासणीत सापडतच नाही, तीही नोंद वहीत होती.

मला औषध सुरू झालं तेव्हा साधारण 350 च्या खाली आल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. माझ्या ओळखीची एक बाई त्या आकड्याची वाट पाहत वर्षभर थांबली होती. 2017 पासून तपासणीत निघालं की लगेच उपचार, आकडा कितीही असो. तरी आमच्या मनातली आकड्याची भीती गेलेली नाही, आणि अशी लाल खूण तीच भीती पुन्हा उकरून काढते. लॅबवाल्यांना कळकळीनं सांगणं आहे, शेजारी निदान एक ओळ छापा : आधीच्या रिपोर्टशी ताडून पाहा.

थकव्याचं कारण वेगळंच निघालं. मॅडमनी खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम ही क्षयाची चारही लक्षणं विचारली आणि डॉक्टरांकडे धाडलं. हिमोग्लोबिन 8.6. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याही फुकट.

तक्रार एकच. खिडकीवर नाव मोठ्यानं पुकारतात, बाहेरच्या बाकावर अख्खा जिल्हा बसलेला असतो. नंबरानं बोलवा. खोलीला पडद्याऐवजी दार लागलं तर माझ्यासारख्या बायका अजून मोकळ्या बोलतील.

जाताना वही आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या, 11 च्या आत पोचा. पावडरचा डबा मी परत करायला गेले होते, घेतला नाही त्यांनी.