अण्णांची आरएक्स १०० : आठ महिने रोज घाट चढवल्यावर

दिवाळी पाडव्याला वाईहून निघालो आणि पसरणी घाटात, धोमचं पाणी दिसायला लागतं त्या वळणावर गाडी दोन गचके खाऊन बंद पडली. दहा मिनिटं थांबून किक मारली, लगेच चालू झाली. चार किलोमीटरवर पुन्हा तेच. त्यानंतरच्या महिन्यात गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) चार वेळा उघडला गेला, धुतला गेला, पुन्हा बसवला गेला आणि गाडी चारही वेळा त्याच घाटात थांबली.

गाडी म्हणजे १९९१ची यामाहा मोटरसायकल, अण्णांनी शाळेच्या नोकरीत असताना घेतलेली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजन शंभर किलोच्या आसपास. भारतात हे मॉडेल १९८५ ते १९९६ एवढंच बनलं, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवी आरएक्स १०० सुद्धा म्हातारीच. आमची सात वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. माझी नोकरी पाचगणीत, म्हणून रोज बारा किलोमीटर चढ आणि बारा उतार. आठ महिन्यांत चार हजार किलोमीटर झाले. कोणती दुरुस्ती टिकली आणि कोणती वाया गेली, हे आता खात्रीने सांगू शकतो.

पाचव्यांदा कार्ब उघडायला निघालो तेव्हा अण्णा ओट्यावरून म्हणाले, "अरे, कार्ब राहू दे. पुढच्या वेळी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघड."

उघडलं. 'फुस्स' असा आवाज आला, हवा आत गेली आणि पहिल्या किकला गाडी चालू. झाकणातलं हवेचं बारीक भोक मातीने बुजलं होतं. पेट्रोल खाली गेलं की त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि धार हळूहळू बारीक होत थांबते. थोडा वेळ उभं राहिलं की फटींतून हवा शिरते, म्हणून गाडी पुन्हा चालू व्हायची. महिनाभराचा त्रास एका बारीक तारेने पाच मिनिटांत संपला.

त्या दिवसापासून मी क्रम बदलला. पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने तपासत जायचं: झाकण, टाकी, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ), पाइप, फ्लोट (कार्बच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा भाग), जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग), आणि शेवटी कार्ब व सिलिंडरमधला रबरी बूट. कार्ब उघडण्याची पाळी पाचव्या पायरीवर येते. बहुतेक ठिकाणी पहिल्याच पायरीला कार्ब उघडतात, आणि वरून गंज येतच असेल तर धुतलेला कार्ब पंधरा दिवसांत पुन्हा भरतो.

टाकीतला गंज हा या गाडीचा मूळ आजार होता. आत बॅटरी मारली तर तळ विटकरी दिसत होता. कॉक काढून भोक बंद केलं, लिटरला शंभर ग्रॅम या हिशोबाने लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी काळपट पिवळं पाणी निघालं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा खळखळून धुतली. खरं काम त्यापुढे आहे. धुतलेलं कोरं लोखंड तासाभरात पुन्हा गंज धरतं. म्हणून लगेच गरम हवेने वाळवली आणि पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळून सगळ्या बाजूंनी फिरवलं. आठ महिन्यांनी परवा पुन्हा बॅटरी मारून पाहिलं. तळ करडा आहे, एका कोपऱ्यात बोटभर डाग सोडला तर स्वच्छ. ज्यांच्या टाकीला अजून सडून भोकं पडलेली नाहीत त्यांनी हे नक्की करावं.

गंजाच्या धास्तीने मी पाइपात कागदी फिल्टर बसवला होता. तो काढून टाकला. या गाडीत पंप नाही, पेट्रोल फक्त उतारावर खाली येतं, आणि टाकी अर्धी झाली की मागचा दाब फारच कमी उरतो. दाट कागदातून तेवढ्या दाबाला पुरेशी धार येत नाही. सपाटीवर कळायचं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला फुल रेस दिली की फ्लोटची वाटी रिकामी व्हायची आणि गाडी दम टाकायची. आता कॉकची मूळ जाळी दर दोन महिन्यांनी धुतो, तेवढं पुरतं. धार मोजायची सोपी रीत म्हणजे कार्बकडचा पाइप काढून बाटलीत सोडायचा आणि कॉक उघडायचा. अखंड धार हवी. आधी जोरात येऊन मग थेंब थेंब होत असेल तर दोष वर आहे, कार्बला हात लावू नका. हे उघड्यावर करा, स्वयंपाकघराच्या दाराशी नको.

जानेवारीत नवीन तक्रार आली. रात्री उभी केलेल्या गाडीखाली सकाळी पेट्रोलचा डाग. फ्लोटची नीडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई, झिजली होती, तिच्या टोकाला गोल खाच पडलेली. तपासायला कार्ब उलटा धरायचा म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बसते, मग पेट्रोलच्या नळीतून तोंडाने हलकेच फुंकायचं. हवा गेली नाही पाहिजे. नवी नीडल आणि तिची बैठक जोडीनेच बदलली. एकटी नीडल बदलून पाहिली होती, तिने आठवडाच काढला. टू-स्ट्रोकला ओव्हरफ्लो जास्त वाईट, कारण तेच पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरतं आणि सकाळी प्लग ओला मिळतो. त्यामुळे नीडल नवी असली तरी गाडी उभी केली की कॉक बंद.

जेटच्या बाबतीत मात्र पैसे वाया गेले. पूर्ण दुरुस्तीचा म्हणून एक स्वस्त संच घेतला होता. मेन जेटवरचा आकडा जुन्या जेटसारखाच, पण भोक उघड मोठं. प्लग आठवड्यात काळा, ओशट, म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. जुने जेट टाकून दिले नव्हते हे नशीब. ते रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून, नायलॉनच्या ब्रशचा एक केस घालून साफ केले आणि परत बसवले. जेटमध्ये तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एका फेऱ्यात मोठं होतं आणि ते दिसत नाही.

कोणता जेट अडला आहे हे गाडीच सांगते. आयडलिंगला किंवा जेमतेम रेस दिल्यावर अडखळत असेल तर पायलट जेट. मधल्या रेसला स्लाइडची (रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या भागाची) नीडल. पाऊण रेसच्या पुढे दम जात असेल तर मेन जेट. मी रेसच्या मुठीवर पांढऱ्या टेपची खूण केली आणि गाडी नेमकी कुठे अडते ते पाहिलं. चार दिवसांची चाचपडण्याची मेहनत वाचली.

आता इथेनॉलबद्दल, कारण जुन्या गाडीवाल्यांना हे कळायलाच हवं. २०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. आमच्या कृष्णाकाठच्या उसाचाही त्यात वाटा आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला त्याचं मोल ठाऊक आहे. पण १९९१च्या जेटला ते ठाऊक नाही. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तर मिश्रण आता पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. फ्युएल इंजेक्शनची गाडी ते सेन्सरवरून सावरून घेते, कार्ब सावरत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन, आणि चढावर पिस्टन जाम होण्याची भीती. घाटात थोडं चढून क्लच दाबला, चावी बंद केली आणि प्लग काढून पाहिला. पांढुरका, म्हणजे मिश्रण पातळच. स्लाइडच्या नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त येतं. एअर स्क्रू दीड आट्यावरून सव्वा आट्यावर आणला. या कार्बमध्ये तो आत गेला की मिश्रण घट्ट होतं. आता प्लग भाजलेल्या विटेच्या रंगाचा असतो. ॲव्हरेज लिटरला चाळीसवरून सदतीसवर आलं, ते मला मान्य आहे.

इथेनॉल पाणीही ओढतं. जूनमध्ये आठवडाभर गाडी उभी राहिली आणि नंतर चालूच होईना. वाटीचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या पेल्यात घेतलं तर तळाला वेगळा, गढूळ थर. आता चार दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. पेट्रोलचा जुना पाइप दाबला की भेगा दाखवत होता. तो इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा घेतला, अजून मऊ आहे.

रबरी बूटची चीर सगळ्यात उशिरा सापडली. गाडी तापली की आयडलिंग आपोआप वाढायचं, आणि मी स्क्रू फिरवत बसायचो. पाण्याच्या बारीक फवाऱ्याने बूटच्या कडेवर मारलं, त्या क्षणी आवाज पडला. तिथूनच जादा हवा आत जात होती. बूट बदलला, आणि तेव्हापासून आयडलिंगच्या स्क्रूला हात लावलेला नाही.

एक गोष्ट राहिली आहे. वाई सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० च्या आसपास. वर हवा विरळ, त्यामुळे शेवटच्या दोन किलोमीटरांत गाडी किंचित जड वाटते. जेट लहान केला तर वर मोकळी पळेल, पण खाली साताऱ्याच्या रस्त्यावर पातळ पडेल. पिस्टनच्या बाजूने निर्णय घेतला आणि जेट आहे तोच ठेवला.

परवा पावसाने उघडीप दिली तेव्हा अण्णा मेणवलीपर्यंत जाऊन आले. पडवीत गाडी लावली, कॉक स्वतः बंद केला आणि म्हणाले, "आता पेट्रोल नीट येतंय. आवाजावरून कळतं."