वांगणीचं आकाशदर्शन: तारे फर्स्टक्लास, पिठलं गार
मागच्या शनिवारी वांगणीला रात्रीच्या आकाशदर्शनाला गेलेलो, ग्रुपचं नाव नको, पण माहिती सांगणारा पोरगा एक नंबर. त्याने पुनर्वसूतला नारिंगी तारा दाखवला, पोलक्स, सूर्याच्या साधारण 9 पट रुंद राक्षसी तारा आणि अंतर फक्त 34 प्रकाशवर्षं, आणि त्याच्याभोवती गुरूच्या दुपटीहून जड ग्रह फिरतोय, तिथलं एक वर्ष म्हणजे आपले जवळपास 590 दिवस!! मी लगेच दुर्बिणीला डोळा लावला तर नुसता ठिपका 😅 मग कळलं ग्रह असा दिसतच नाही, तारा किंचित डुलतो त्यावरून 2006 ला पक्कं झालं. जेवण मात्र बेकार, पिठलं गार, भाकरी कडक. ओडोमॉस न्याच.